जुना छंद-संगणक बदलावा का?

फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा ओळखपत्राएवढा संगणक विक्रीस आला. त्याची किंमत होती ३५ डॉलर. मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहावेत, यासाठी तो बनवला होता.

समजा, तुमच्या प्रयोगशाळेत असाच एक जुना संगणक आहे. तो दर दहा मिनिटांनी बाहेरचे तापमान नोंदतो आणि त्याचे आलेख सर्व वर्गांना पुरवतो. आता तो फार रेंगाळतो. त्याच्या जागी स्वस्त मिनी पीसी आणावा का?

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. माणसासारखा संगणकाचा प्रोसेसर वयाने थकत नाही. त्याचे ठोके २०१२ मध्ये सेकंदाला ७० कोटी होते, आजही तितकेच आहेत. मग तो मंद का वाटतो? कारण कामे वाढली! त्याची रॅम अवघी २५६ मेगाबाइट. ती भरली की संगणक काही माहिती मेमरी कार्डावर ठेवू लागतो, आणि कार्ड रॅमपेक्षा पुष्कळच मंद असते. शिवाय कार्डातील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. म्हणून कार्ड मात्र खरोखर झिजते.

तेव्हा खरेदीपूर्वी तपासणी करा. ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की प्रोसेसर व रॅम किती गुंतली आहेत ते पडद्यावर दिसते. दोन्ही मोकळी असूनही काम अडत असेल, तर नोंदींची प्रत काढून नवे कार्ड घालून पाहा. कदाचित तेवढ्यानेच भागेल.

रॅमच अपुरी ठरली, तर मिनी पीसीचा विचार योग्य. २०२३ मध्ये आलेला ‘इंटेल एन १००’ हा प्रोसेसर अशा अनेक यंत्रांत असतो. त्यात चार गाभे असून ठोके सेकंदाला ३४० कोटींपर्यंत जातात. रॅमही बहुधा ८ गिगाबाइट किंवा अधिक मिळते.

पण जुने कार्ड नव्या यंत्रात घालून चालणार नाही. दोन्ही प्रोसेसरांची यंत्रभाषा वेगळी आहे. पायथॉनमध्ये लिहिलेला आलेखाचा प्रोग्राम सहसा नव्यावर चालेल. तापमापकाचा मात्र अडेल, कारण तापमापक ज्या पिनांना जोडला आहे, त्या पिना मिनी पीसीला साधारणपणे नसतातच.

मग उपाय काय? कामाची वाटणी! जुन्याने फक्त तापमान मोजावे आणि तारेने नव्याकडे पाठवावे. नव्याने साठवावे व आलेख काढावेत. जुने यंत्र कचऱ्यात जाण्यापासूनही वाचेल.

आता विजेचा हिशेब. जुने यंत्र ३ वॅट आणि नवे ९ वॅट घेते असे धरू. अहोरात्र चालवल्यास वर्षाला नव्याची वीज अशी :

९ × २४ × ३६५ = ७८,८४० वॅट-तास, म्हणजे सुमारे ७९ युनिट.

जुन्याची याच रीतीने सुमारे २६ युनिट येते. दोन्ही मिळून १०५ युनिट झाली. ६० वॅटचा मोठा संगणक वर्षभर चालवला तर किती युनिट लागतील? वहीत मांडून पाहा. शाळेच्या वीजबिलावरील दराने गुणा आणि मगच शिक्षकांपुढे तुमचा प्रस्ताव ठेवा.