जुनी टेलिफोन वायरिंग आणि नवे एक्स्चेंज : तांबे उपटण्यापूर्वी तपासा

पेढीतील जुने इंटरकॉम एक्स्चेंज जळाले, किंवा टेलिफोन कंपनीने तांब्याची लाईन बंद करून फायबर आणून दिले, की व्यापाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. भिंतीतून आणि पोटमाळ्यावरून गेलेल्या जुन्या वायरचे काय करायचे? नवे एक्स्चेंज विकणारा म्हणतो, सगळी काढून टाका, नवी घालून देतो. ओळखीचा वायरमन म्हणतो, शेटजी, वायर ती वायर, हिच्यावरच सगळे चालेल. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपला पैसा जातो. भिवंडीच्या आमच्या पेढीत हे काम करून घेतले. त्या अनुभवावरून आणि त्यानिमित्त केलेल्या अभ्यासावरून चार गोष्टी व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

प्रथम जुनी वायर म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या फोनला दोनच तारा लागतात, त्यांना जोडी म्हणतात. फोन खाली ठेवलेला असताना या जोडीवर सुमारे 48 व्होल्टचा डीसी दाब असतो. घंटी वाजताना त्यावर 75 ते 90 व्होल्टचा एसी चढतो. जोडीतील दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. पिळाचे महत्त्व कापडवाल्याला सांगण्याची गरज नाही, सुताला पीळ कमी पडला तर माग ते तोडतो. तारेतही तसेच आहे. पिळामुळे बाहेरून आलेला खरखराट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडच्या टोकाला त्याची वजाबाकी होते. टेलिफोन केबलचा पीळ सैल असतो, बोलण्यापुरता. संगणकाच्या कॅट-5 किंवा कॅट-6 केबलचा पीळ घट्ट आणि मोजून दिलेला असतो. दोन्हीत तांबेच असले तरी माल एक नाही.

आता नवी यंत्रणा पाहू. तिचे फोन दोन जातींचे असतात. एक जात आयपी फोनची. हा फोन म्हणजे छोटा संगणकच. त्याला 100 मेगाबिटच्या जोडणीसाठी चार तारा लागतात, त्याही घट्ट पिळाच्या, आणि अंतराची मर्यादा 100 मीटर. जुन्या वायरवर तो कधी चालतो, कधी बोलता बोलता आवाज तुटतो. गिऱ्हाईक भाव विचारत असताना आवाज तुटणे पेढीला परवडत नाही. म्हणून आयपी फोन हवा तेथे नवी केबलच घालावी. मात्र एक बचत आहे. बहुतेक आयपी फोनला मागे दुसरे भोक असते, त्यातून संगणकाला जोडणी देता येते. टेबलावर संगणकाची केबल आधीच असेल तर फोनसाठी वेगळी घालण्याचे कारण नाही.

दुसरी जात साध्या फोनची, आणि विकणारे नेमके याच ठिकाणी गप्प राहतात. नव्या आयपी एक्स्चेंजला अॅनालॉग गेटवे जोडता येतो. त्याला 8, 16 किंवा 24 फोनची तोंडे असतात आणि प्रत्येक तोंडातून जुन्यासारखाच टोन व घंटी निघते. या तोंडांना एफएक्सएस म्हणतात. कोटेशनमध्ये हा शब्द आहे की नाही ते पाहावे. एफएक्सओ लिहिले असेल तर ते बाहेरची लाईन आत घेणारे तोंड, त्यावर फोन चालत नाही. गेटवे असला की गोदाम, वॉचमन, पॅकिंग खाते, मागाची शेड या ठिकाणचे साधे फोन जुन्याच तारांवर राहतात. शेड तर पेढीपासून 100 मीटरच्या बाहेरच असते. तेथे कॅट-6 केबल एका दमात पोहोचत नाही, पण बोलण्याची साधी जोडी सहज पोहोचते. एक्स्चेंजपासून आपल्या दुकानापर्यंत ती कित्येक किलोमीटर येतच होती.

आमच्या येथे आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये सोळाही ठिकाणी नवी केबल आणि आयपी फोन होते. आम्ही ठिकाणांची यादी करून पाहिली. संगणक असलेली टेबले पाचच होती. बाकी अकरा ठिकाणी माणूस फोन उचलतो, बोलतो आणि ठेवतो. त्या अकरांसाठी भिंती फोडण्याची गरज नव्हती. कोटेशन त्याप्रमाणे बदलून घेतले.

तरीही जुनी वायर डोळे झाकून ठेवू नये, प्रत्येक जोडी तपासावी. दोन्ही टोके यंत्रापासून सोडवावीत. दूरच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र पिळाव्यात आणि अलीकडे मल्टिमीटर लावावा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला 100 मीटर अंतरावर जाऊन-येऊन 17 ते 18 ओहम दिसले पाहिजेत. फार जास्त दिसले तर मध्ये सांधा सैल किंवा हिरवा पडला आहे असे समजावे. मग दूरचे टोक सुटे करून पुन्हा पाहावे, आता मीटरने काहीच दाखवता कामा नये. थोडाफार आकडा आला तर केबलमध्ये ओल शिरली आहे. ही तपासणी शक्यतो पावसाळ्यात करावी, मे महिन्यात प्रत्येक वायर शहाणी दिसते. आमच्या वीस जोड्यांपैकी तीन बाद निघाल्या.

जोडी ओळखण्यासाठी रंगांचा क्रम वायरमनने पाठ करावा. पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग तेच पाच लालबरोबर, मग काळ्याबरोबर, मग पिवळ्याबरोबर. वीस जोडीची केबल पिवळा-राखाडीवर संपते. एका जोडीची एक तार आणि दुसरीची एक घेतली तर फोन लागतो खरा, पण पीळ मोडल्याने शेजारच्या टेबलाचे बोलणे ऐकू येते.

गेटवेची केबल क्रोनच्या नव्या पट्टीवर पंच करावी, जुनी पट्टी तशीच ठेवावी आणि दोहोंमध्ये जंपर टाकावेत. उद्या काही बिघडले तर जंपर हलवून काम भागते. डबड्याच्या झाकणाला आतून तक्ता चिकटवावा : कोणती जोडी, कोणते टेबल, कोणता नंबर. चकती फिरवून लावण्याचे जुने फोन अनेक गेटवेंना समजत नाहीत, ते बदलावे लागतात. एका तोंडावर चार-चार फोन पॅरलल लावले तर घंटी वाजेलच असे नाही.

फायबर घेणाऱ्यांनी दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. फायबरच्या बॉक्सला फोनचे तोंड असते. ते घरातल्या जुन्या तारांना जोडण्यापूर्वी खांबावरून आलेली जुनी जोडी रोझेटमधून पूर्ण सोडवावी. तिच्यावर अजून कोठून तरी दाब येत असेल तर बॉक्स जळतो. तसेच संगणकाच्या स्विचमध्ये फोनची जोडी खोवू नये, घंटीचा दाब स्विचला सोसेलच असे नाही.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधून वीज येत असे, गल्लीत अंधार असला तरी फोन चालत असे. फायबर, गेटवे आणि स्विच यांना आपली वीज लागते. छोटी बॅटरी किंवा यूपीएस यांचा खर्च पहिल्याच हिशेबात धरावा, नाहीतर वीज गेली की वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांच्या तोंडी असलेला नंबर मुका होतो. नंबर चालू राहण्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि मगच जुनी लाईन बंद करण्याच्या अर्जावर सही करावी.

नवी केबल घेताना भेसळ पाहावी. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल कॅट-6 म्हणून विकली जाते. चाकूने तार खरवडली की आत चंदेरी दिसते, पेटीही हाताला हलकी लागते. ती घेऊ नये. केबलमधूनच फोनला वीज द्यायची असेल तर ती गरमही होते. टोक लावताना 13 मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ उलगडू देऊ नये.

राहता राहिली बाद केबल. वीस जोडीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या 100 मीटर केबलमध्ये सुमारे सात किलो तांबे असते. ठेकेदार ती उचलून नेण्याची मेहरबानी करू लागला तर वजनकाटा आपला लावावा आणि भंगाराच्या भावाने ती रक्कम त्याच्या बिलातून वजा करून घ्यावी.