बाबांवर ओरडू नकोस गं

अगं, त्या मेसेजमधल्या नंबरवर बाबांनी फोन लावला हे ऐकून तुझ्या पोटात गोळा आला असणार. बिल भरलं नाही म्हणून आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, असा मेसेज आला की भलेभले घाबरतात. शेजारचा मुलगा वेळेवर आला, फोनवरच्या माणसाने सांगितलेलं ॲप टाकायचं राहिलं, पैसे वाचले. पण खरं सांगू का, मला त्या मेसेजपेक्षा तुझ्या पुढच्या वाक्याची जास्त काळजी वाटली. ‘मी इतकी ओरडले, आता पुन्हा असं करायची हिंमत नाही व्हायची त्यांची.’ राणी, त्यांची हिंमत होणार नाही ती तुला सांगायची.

आणि या चोरांना नेमकं तेच हवं असतं. ती ‘डिजिटल अरेस्ट’ची भानगड बघ. आधी फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, नाहीतर तुमच्या आधारवर मनी लाँडरिंगचं खातं उघडलंय. मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, हातात शिक्क्यांचं वॉरंट. आणि पहिली ताकीद कोणती? मुलांना सांगू नका, नाहीतर त्यांनाही अटक होईल. कॅमेरा बंद करायचा नाही, झोपतानाही नाही. चोवीस तास कुणाशी बोलू दिलं नाही की शहाणा माणूससुद्धा एफडी मोडायला बँकेत जातो. तिथे कुणी विचारलंच तर काय सांगायचं, तेही पढवलेलं असतं: मुलाला फ्लॅट घ्यायचाय. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यात फसलेत, तेव्हा बाबा भोळे आहेत हे डोक्यातून काढून टाक. आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखलेली पिढी आहे ती, आणि चोर त्या मानालाच हात घालतात.

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे स्वतः सांगितलं होतं. पुढे 2025 मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याचे एक कोटीहून जास्त पैसे गेल्यावर सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय स्वतःहून हाती घेतला. पोलीस, सीबीआय, रिझर्व्ह बँक, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी’ पैसे मागवत नाही. हे बाबांना तू सांगण्यापेक्षा त्यांच्या कट्ट्यावरच्या मित्रांकडून कळू दे. लेकीचं ऐकताना कमीपणा वाटतो, मित्राचं ऐकताना नाही.

विजेचंही तसंच. 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, रात्री साडेनऊची धमकी नाही. हे कळलं ना, की बाबांसारखा नियमाने चालणारा माणूस पुढच्या वेळी स्वतःच म्हणेल, नोटीस कुठाय? त्यांना भीती घालू नकोस, नियम दे.

आता घरात एकच गोष्ट पक्की ठरवा. जो कुणी ‘कुणाला सांगू नका’ म्हणेल, त्याचा फोन तिथेच ठेवायचा आणि तुला लावायचा. रात्री दोन वाजता असला तरी. आणि तुझ्याकडून एक वचन हवं बघ: तो फोन आला की पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंत’ हेच असेल. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे गिळायचं. जड जाईल, पण तुला जमेल.

मग पैशांची थोडी मांडामांड. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते यूपीआयला जोडूच नका. भाजी, दूध, औषधं यांसाठी वेगळं छोटं खातं ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चाइतकेच पैसे. म्हणजे हात पोळला तरी घर जळत नाही. लिंकवरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं कुठलंही ॲप टाकायचं नाही, मग ते ट्रॅफिक चलनाचं असो, गॅसबिलाचं असो की लग्नपत्रिकेचं. असलं ॲप फोनमधले मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी न सांगताही गेला. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही, हे आईलाही सांग. जुना सोफा विकायला काढलाय ना तिने? ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारं गिऱ्हाईक भेटू शकतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला बँकेत जाऊन किंवा तू शेजारी बसून करा. फोनवर ‘दाखला अपडेट करतो’ म्हणणाऱ्याला पेन्शनचा पीपीओ नंबर द्यायचा नाही.

आणि देव न करो, पैसे गेलेच तर? रडायला नंतर वेळ आहे, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे भराभर पळवतात. ते बाहेर काढले जाण्याआधी तक्रार नोंदली गेली तर वाटेतल्या बँकेत अडवता येतात. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर हाताशी ठेव. लगेच बँकेलाही कळव. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी येतं, म्हणून ‘कळवू सकाळी’ असं म्हणायचं नाही. लाजेने दोन दिवस गप्प बसलेल्या माणसाचे पैसे हाती लागणं फार कठीण होतं गं. म्हणूनच मघापासून ओरडू नकोस म्हणतेय.

या रविवारी जाशील ना, तेव्हा जाड स्केचपेनने एका कागदावर 1930, बँकेच्या शाखेचा नंबर आणि तुझा नंबर लिही आणि टीव्हीशेजारी चिकटव. फ्रिजवर नको, त्यांचा चष्मा टीव्हीपाशी असतो. अक्षर बोटाएवढं काढ. बाबा तुझ्यावर रुसले असतील, तर नंबर वाचून दाखवायला त्यांनाच सांग आणि तू लिही.