डिरेक्टरी सर्व्हर बंद पडल्यास संगणकात प्रवेश कसा करावा?

रुग्णालयातील संगणकावर आपण परवलीचा शब्द लिहितो, तेव्हा तो पडताळण्याचे काम बहुधा समोरचे यंत्र करीत नाही. ते डिरेक्टरी सर्व्हर या मध्यवर्ती यंत्राकडे विचारणा करते. विंडोज २००० सोबत आलेली ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ हे याचे परिचित उदाहरण होय. सर्व खाती एकत्र असल्याने कर्मचारी सोडून गेला की एकाच ठिकाणी खाते बंद करणे पुरते. परंतु मध्यरात्री सर्व्हरशी संपर्क तुटला, तर अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी काय करावे?

पहिला आधार यंत्राच्या स्मृतीचा. विंडोज आपल्या मूळ मांडणीत त्या यंत्रावर यापूर्वी प्रवेश केलेल्या शेवटच्या १० खात्यांची पडताळणीची खूण जपून ठेवते. नेहमीच्या परिचारिकेस त्यामुळे प्रवेश मिळतो. त्या यंत्रावर प्रथमच बसणाऱ्या डॉक्टरांस मिळत नाही. परवलीचा शब्द अन्य यंत्रावर बदलला असल्यास येथे जुनाच चालतो, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरा आधार स्थानिक खात्याचा. त्याची नोंद त्याच यंत्रात असते. विंडोजमध्ये नावाआधी टिंब व उलटी तिरपी रेघ दिली की पडताळणी तेथल्या तेथे होते. लिनक्समध्ये आधी यंत्रातील नोंदी व नंतर डिरेक्टरी, असा क्रम लावून ठेवावा.

मात्र सर्व यंत्रांवर एकच शब्द ठेवला, तर एका ठिकाणी फुटताच सर्व दारे उघडतात. म्हणून प्रत्येक यंत्रास वेगळा शब्द देऊन तो ठरावीक काळाने बदलणारी ‘लॅप्स’ ही सोय २०२३ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत झाली आहे. पण हे शब्द डिरेक्टरीतच साठविलेले असतील, तर किल्ली कुलूपबंद कपाटातच राहिली असे होते! यास्तव निवडक यंत्रांवर या सोयीबाहेरचे एक मर्यादित अधिकारांचे खाते असावे. त्याचा शब्द मोहोरबंद लिफाफ्यात, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावा. लिफाफा उघडल्यास वेळ व कारण नोंदवावे आणि शब्द लगेच बदलावा.

अमेरिकेच्या २००३ च्या आरोग्यमाहिती सुरक्षा नियमांनी आणीबाणीतील प्रवेशाची कार्यपद्धती अनिवार्य केली आहे. तथापि स्थानिक खात्याने केवळ यंत्र उघडते. मध्यवर्ती सर्व्हरवरील रुग्णनोंदी त्याने हाती येतीलच असे नाही. दाखल रुग्णांच्या औषधांची व ॲलर्जीची छापील यादी विभागात असावी, ती यासाठीच.

आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली आपण नियमित तपासतो. या खात्याचीही चाचणी सर्व्हरची तार काढून तशीच नियमित घ्यावी. ज्याची परीक्षा झाली नाही, त्या उपायावर रुग्णाचा जीव सोपवू नये.