लिपीतील अदृश्य चिन्हे

तमिळनाडूत कुंभकोणम् शहरानजीक दारासुरम् येथे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. चोळ राजा दुसरा राजराज याने ते बाराव्या शतकात बांधविले. मुख्य मंदिराच्या तळभागी त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, कथा लहान लहान शिल्पपट्टांत कोरलेल्या असून त्यांच्यासोबत तमिळ नामलेख आहेत. चोळकालीन कोरीव लेखांत आजच्या छापील तमिळमधील दोन गोष्टी बहुधा आढळत नाहीत. एक म्हणजे शब्दाशब्दांमधील मोकळी जागा, आणि दुसरी ‘पुळ्ळी’ नावाचा बिंदू. देवनागरीत व्यंजनाचा पाय मोडून जे साधते, ते तमिळमध्ये व्यंजनावर हा बिंदू देऊन साधतात. शिल्पी तो सहसा कोरीत नसत. वाचणारा आपल्या भाषाज्ञानाने तो पुरवीत असे. तंजावरच्या भोसले राजांच्या मोडी दप्तरांतही शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती.

संगणकावरील मजकुराची स्थिती नेमकी उलट असते. शिळेवर जे नाही ते वाचक मनाने पाहतो. संगणकाच्या मजकुरात जे आहे ते वाचकास दिसत नाही.

संगणक प्रत्येक अक्षर एका अंकाच्या रूपाने साठवितो. या अंकास संकेतांक म्हणतात. 1963 साली अमेरिकेत ठरलेल्या ‘ॲस्की’ संकेतावलीत 128 संकेतांक होते. त्यांपैकी 0 ते 31 आणि 127 हे अक्षरांसाठी नसून यंत्रास आज्ञा देण्यासाठी राखलेले होते. 9 म्हणजे टॅब, 10 म्हणजे नवी ओळ, 13 म्हणजे ओळीच्या आरंभी परत जाणे. दूरमुद्रक यंत्रांच्या काळातील हे संकेतांक आजही प्रत्येक मजकुरात वावरत आहेत. 1991 पासून प्रसिद्ध होत आलेल्या ‘युनिकोड’ संकेतावलीत त्यांत आणखी अदृश्य चिन्हांची भर पडली.

आता एखादा विद्यार्थी शिलालेखाची नक्कल टेक्स्ट एडिटरमध्ये उतरवीत आहे असे समजा. शिळेवरील ओळ पुष्कळदा शब्दाच्या मध्येच तुटते. ती जेथे तुटली तेथेच नक्कलेतही तुटली पाहिजे, कारण अभ्यासक ओळीच्या क्रमांकाने लेखाचा निर्देश करतात. परंतु लांब ओळ पडद्याच्या कडेस पोचली की एडिटर ती आपोआप खाली वळवितो. खरी तुटलेली ओळ आणि केवळ वळलेली ओळ डोळ्यांना सारखीच भासते.

यास्तव एडिटरमध्ये अदृश्य चिन्हे दाखविण्याची सोय असते. ‘व्हिम’ या एडिटरास ‘सेट लिस्ट’ अशी आज्ञा दिली असता प्रत्येक खऱ्या ओळीच्या शेवटी डॉलरचे चिन्ह उमटते. कोणत्या अदृश्य चिन्हाऐवजी काय दाखवावे हे ‘लिस्टचार्स’ या मांडणीत आपल्या इच्छेनुसार ठरविता येते: टॅबसाठी बाण, ओळीअखेरच्या निरर्थक मोकळ्या जागेसाठी मध्यबिंदू, आणि याप्रमाणे. निवडलेले चिन्ह मूळ मजकुरात कोठेही येत नसावे. संस्कृत श्लोकांच्या नकलेत ओळीअखेर दाखविण्यास दंड निवडणे म्हणजे स्वतःच गोंधळ निर्माण करणे होय. ही चिन्हे केवळ पडद्यावर असतात, साठविलेल्या मजकुरात शिरत नाहीत. मात्र टर्मिनलच्या खिडकीतून माउसने मजकूर उचलल्यास तीही सोबत येतात.

मराठी लेखकास याहून अधिक जपावे लागते ते एका शून्य रुंदीच्या चिन्हास. त्याचे नाव ‘झिरो विड्थ जॉइनर’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दुसरा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्तायुक्त र, हलन्त आणि य येतात. शब्दाचे एकूण संकेतांक पाच. दुसऱ्यात साधा र, हलन्त, हे अदृश्य चिन्ह आणि मग य, एकूण सहा. छापल्यावर दोन्ही रूपे एकसारखीच दिसतात. परंतु एका रूपाने शोध घेतला तर केवळ संकेतांक ताडून पाहणाऱ्या यंत्रास दुसरे सापडत नाही, आणि ग्रंथालयाच्या सूचीत असलेले पुस्तक नाही असे उत्तर मिळते. याहून वाईट प्रकार म्हणजे मजकूर ‘स्वच्छ’ करणारी आज्ञावली. ती सर्व अदृश्य चिन्हे सरसकट पुसते, आणि दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा तत्क्षणी दर्या होतो.

‘ईमॅक्स’ या एडिटरात अशा चिन्हांचे दर्शन निरनिराळ्या प्रकारे ठरविता येते: बारीक फट, रिकामी चौकट, नावाची आद्याक्षरे किंवा संकेतांक. मुद्रितशोधनास आद्याक्षरे सर्वांत सोयीची. मात्र जोडाक्षर जुळविताना एडिटर हे चिन्ह त्यातच सामावून घेतो. म्हणून तपासणीपुरती अक्षरे जुळविण्याची सोय बंद करावी. मग र, हलन्त, चौकटीतील आद्याक्षरे आणि य ही सुटी सुटी दिसू लागतात. अशी पाने वाचावयास कुरूप असतात, परंतु दोन्ही प्रकारच्या ‘दऱ्या’ त्यांत लगेच वेगळ्या ओळखता येतात.