करांचे बदल आणि दुकानाची चोपडी

स्मरणिकेसाठी आपल्यातील छोट्या दुकानदारांना व मागवाल्यांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, असा ट्रस्टच्या मंडळींचा आग्रह झाला. मी वकील नव्हे, हिशेबतपासनीसही नव्हे. शनवाऱ्यात कापडाच्या गादीवर उभा जन्म गेला, एवढाच माझा अधिकार. तरीही करकायद्याने आमच्या घराला एकदा जो धडा दिला तो येथे सांगितला, तर दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील, या हेतूने लिहीत आहे.

करांचे नियम फार बदलतात, ही तक्रार आपण आजकालची समजतो. पण बुऱ्हानपूरच्या व्यापाऱ्याला ही सवय जुनीच आहे. या देशात विक्रीवर कर बसविण्याचा आरंभच मुळी आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात झाला. १९३८ साली प्रांतिक सरकारने मोटारीच्या तेलाच्या विक्रीवर कर लावला. असा कर लावण्याचा प्रांताला अधिकार आहे किंवा नाही, हा वाद थेट फेडरल कोर्टापर्यंत गेला, आणि कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. पुढे १९४७ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा आला.

त्याहून गंमतीचा काळ १९५६-५७ चा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बुऱ्हानपूर आणि मलकापूर एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कालपर्यंत घरचे असलेले मलकापूरचे गिऱ्हाईक एका रात्रीत परराज्यातले झाले. १ जुलै १९५७ पासून परराज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकराची आकारणी सुरू झाली, आणि त्याच डिसेंबरात गिरणीचे कापड, साखर व तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर उत्पादनाच्या ठिकाणीच घेण्याची योजना आली. म्हणजे सव्वा वर्षात तीन उलथापालथी! मोबाइल नव्हता, संगणक नव्हता. आमचे वडील गादीच्या कडेला खिळ्याला एक लांबट चोपडी टांगून ठेवीत. बाजारात काही ऐकले की त्यात टिपून ठेवायचे, आणि सरकारी आदेश पाहिल्यावर त्यापुढे तारीख घालायची. ज्या ओळीपुढे तारीख नाही, ती ओळ खरी मानायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

पुढे दीर्घकाळ कापड दुकानदाराला विक्रीकराची फारशी झळ लागली नाही. त्यामुळे आमच्या पिढीची ही सवय मोडली आणि चोपडी माळ्यावर गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि कापडावर ५ टक्के कर बसला, तेव्हा सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. आम्ही मात्र मुनिमांना म्हटले, "तुम्ही बघा." आमच्या हातून झालेली पहिली चूक ती हीच.

आमचे दुकान लहान, म्हणून आम्ही कॉम्पोझिशन योजना घेतली. या योजनेत दुकानदाराने उलाढालीच्या १ टक्का कर भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मागायची नाही. हिशेब सोपा. परंतु योजनेला एक कडक अट आहे: माल परराज्यात विकता येत नाही. ही अट भोपाळच्या दुकानदाराला क्वचितच आड येते. आपल्याला ती दारातच उभी असते, कारण रावेर महाराष्ट्रात! गिऱ्हाईक स्वतः दुकानात येऊन माल घेऊन गेले तर ती साधारणपणे येथलीच विक्री. आपण गाडीत घालून रावेरला पोचवला की परराज्याची.

२०१८ च्या दिवाळीपूर्वी आम्ही रावेरच्या एका दुकानदाराला ६२ हजारांचा माल ट्रान्सपोर्टने पाठविला. ५० हजारांवरील परराज्याच्या मालाला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागत होते. ट्रान्सपोर्टवाल्याने ते आमच्या नंबरावर रीतसर काढले. माल पोचला, पैसे आले, आणि आम्ही विसरून गेलो. कायदा मात्र विसरला नाही. त्या विक्रीच्या दिवसापासून आमची कॉम्पोझिशन संपली होती व आम्ही नेहमीचे करदाते झालो होतो. ऑक्टोबर ते मार्च आमची विक्री सुमारे १२ लाखांची. तिच्यावर ५ टक्क्यांनी ६० हजार कर झाला. गिऱ्हाइकाकडून तो घेतलेला नव्हता, आणि खरेदीच्या कराची वजावट मागण्याची मुदतही टळून गेली होती.

यापुढचा भाग अधिक लाजिरवाणा आहे. खात्याने नोटीस काढली होती. आम्हांला ती दिसलीच नाही. आता नोटीस शिपाई आणून देईलच असे नाही. ती पोर्टलवर ठेवली जाते व नोंदविलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर सूचना जाते. आमच्या खात्याला मोबाइल होता जुन्या हिशेबनिसाचा, आणि ते गृहस्थ केव्हाच काम सोडून गेले होते. एप्रिल २०२४ मध्ये एकतर्फी आदेश झाला. अपिलाची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी एक महिना. तीही गेली. दिवाळीच्या सुमारास बँकेतून चेक परत आला, तेव्हा आमचे डोळे उघडले. दोष मुनिमांचा नव्हे. दुकान ज्याचे, मोबाइल नंबर त्याचा हवा, एवढे साधे भान आम्हांला नव्हते.

सुदैवाने त्याच वेळी सरकारने एक सवलत जाहीर केली होती. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांपैकी मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत पुरता भरल्यास व्याज व दंड माफ. आम्हांला व्याज जवळजवळ मूळ कराइतकेच झाले होते, वर दहा हजार दंड. हे सारे वाचले. पण एक आदेश न वाचल्याने घर अडचणीत आले आणि दुसरा वेळेवर वाचल्याने निभावले, हे मी विसरलो नाही. त्याच आठवड्यात माळ्यावरून चोपडी खाली आणली.

तिच्यात काय टिपावे, याचा थोडा अनुभव सांगतो. पहिली गोष्ट तारखेची. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी कौन्सिलने कापडाच्या करात बदल ठरविला, नोव्हेंबरात अधिसूचनाही निघाली, १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के. बाजारात एकच हलकल्लोळ! आणि ३१ डिसेंबरला, म्हणजे एक दिवस अगोदर, कापडापुरता तो बदल थांबविण्यात आला. ज्यांनी घाईने नवे दर छापून घेतले त्यांचा कागद वाया गेला. बैठकीतील निर्णय निराळा, छापील आदेश निराळा, आणि अंमलाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहणे निराळे.

दुसरी गोष्ट, बदल कोणासाठी आहे हे पाहण्याची. "आता ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही," असे २०१९ मध्ये सर्वांच्या तोंडी झाले. हे खरे, पण केवळ माल विकणाऱ्यापुरते. आपल्याकडे कित्येक मागवाले दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतात. ती कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि सेवेची मर्यादा २० लाखांचीच राहिली. शिवाय परराज्यात माल विकणाऱ्याला बहुधा पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणजे रावेर पुन्हा आलेच.

२२ सप्टेंबर २०२५ च्या बदलाने कृत्रिम सूत १२ वरून ५ टक्क्यांवर आले, ही मागवाल्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली. सुतावर जास्त व कापडावर कमी कर असल्याने त्यांचे पैसे अडकून पडत. मात्र शिवलेल्या कपड्यांत मेख आहे. एका नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली की १८. म्हणजे २४०० चा पोशाख करासह २५२० ला पडतो आणि २६०० चा ३०६८ ला. न शिवलेली साडी कितीही भारी असली तरी कापडातच मोडते व तिला ५ टक्केच. लग्नसराईत पाटी लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे.

उधारीविषयीही सांगावयास हवे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ च्या हिशेबापासून, मुदत चुकवून वर्षअखेर बाकी ठेवलेली अशी रक्कम घेणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. मागवाल्याच्या हातात हे चांगले हत्यार आले आहे. आपली कापडाची उधारी मात्र जन्मजात तीन महिन्यांची. त्यामुळे नोंदणी असलेल्या मागवाल्याकडून माल घेण्यासच काही व्यापारी कचरतात असे ऐकतो. हे मला योग्य वाटत नाही. पंचेचाळीस दिवसांचा लेखी करार करण्यास एक कागद पुरतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र, उद्यम नोंदणी असली तरी, हे संरक्षण नाही.

सध्या चोपडीचे नवे पान आयकराचे आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. जुने कलमांचे आकडे त्यात बदलले आहेत, आणि ज्या दोन प्रकारच्या 'वर्षां'नी आपण गोंधळत होतो त्यांच्या जागी एकच कर-वर्ष धरले आहे.

ट्रस्टकडे माझी एक मागणी आहे. एप्रिल व ऑक्टोबरात एकेका संध्याकाळी आपल्या सभागृहात जाणत्या सल्लागाराने सहा महिन्यांतील बदल तारखांसह वाचून दाखवावेत. दुकान सांभाळणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी आहेत, त्यांनाही आवर्जून बोलवावे. चहाचा खर्च आमच्या दुकानाकडे. येताना प्रत्येकाने आपल्या जीएसटी खात्याला कोणाचा मोबाइल नंबर लावला आहे तेवढे घरी पाहून यावे.