ऋण ऊर्जा: वजा चिन्हाचा खरा अर्थ

'त्या घरात निगेटिव्ह एनर्जी आहे' असं आपण सर्रास ऐकतो. घरात कुणी बरेच दिवस आजारी असलं, कुणी नुकतंच गेलं असलं, की लोक तिथे जायचं टाळतात आणि कारण म्हणून हा शब्द पुढे करतात. शब्द विज्ञानातला वाटतो, म्हणून कुणी उलट विचारत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण शब्द भौतिकशास्त्राचा असेल, तर त्याचा तिथला अर्थ बघायला हवा.

मराठीत निगेटिव्हला 'ऋण' म्हणतात. ऋण म्हणजे वजा, आणि ऋण म्हणजे कर्जही. इथे हा दुसरा अर्थ फार उपयोगी पडतो.

हायड्रोजनचा अणू घ्या. त्यात एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघं एकमेकांपासून अतिशय दूर आणि स्थिर असताना त्यांची ऊर्जा शून्य धरायची, असा संकेत आहे. ते जवळ येऊन अणू बनतो तेव्हा ऊर्जा बाहेर निघून जाते. मग सर्वांत खालच्या पातळीवर हिशेबात उरते उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉन सोडवायचा असेल, तर तेवढीच ऊर्जा बाहेरून भरावी लागते. कर्ज फिटल्याशिवाय सुटका नाही! पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राचंही तसंच. त्याची गतिज आणि स्थितिज ऊर्जा मिळून बेरीज ऋण येते, म्हणून तो आपल्याला सोडून जात नाही.

मग ऋण ऊर्जा ही नुसती हिशेबाची सोय आहे का? पूर्णपणे नाही. १९४८ मध्ये डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांनी दाखवलं, की निर्वात जागेत विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या, तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. बाहेरच्या निर्वाताची ऊर्जा शून्य धरली, तर पट्ट्यांमधली ऊर्जा शून्याच्याही खाली जाते. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बल प्रयोगात नेमकेपणाने मोजलं.

यात कुठेही अशुभ, अपशकुन किंवा दूषित माणूस नाही. उलट अणूत ते 'ऋण' नसतं, तर अणू टिकला नसता; पाणी नाही, माती नाही, आपणही नाही. ऋण म्हणजे धरून ठेवणारं नातं. म्हणून आजारी माणसाच्या दारावरून परत फिरायचं असेल, तर खुशाल फिरा. पण त्याचा दोष भौतिकशास्त्रावर ढकलू नका.