पाच वर्षं मोजायची कुठून?

प्रश्न : २०१९च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला, तरी त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४पर्यंत होती असं वाचलं. हा महिनाभराचा फरक कुठून आला? शिवाय, एकदा आपली विधानसभा सहा वर्षं चालली होती असं वडील सांगतात. ते खरं आहे का?
– एक वाचक, देवनार

उत्तर : वडिलांचं बरोबर आहे. त्याकडे येतोच, आधी तो महिना निकालात काढू.

राज्यघटनेच्या १७२व्या कलमानुसार विधानसभेची पाच वर्षं मतदानापासून मोजत नाहीत आणि निकालापासूनही नाही. पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून मोजतात. २०१९मध्ये निकाल लागला खरा, पण मुख्यमंत्रिपदावरून युतीचं फिसकटलं. ९ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली, १२ला राष्ट्रपती राजवट आली, २३ला भल्या पहाटे ती उठली आणि लोक चहा घेत टीव्ही लावतात तोवर राजभवनात नव्या सरकारचा शपथविधी उरकलाही होता. २६ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दिवशी ते सरकार गेलं. या सगळ्या धामधुमीत आमदारांची आमदार म्हणून शपथ मात्र राहूनच गेली होती! ती २७ नोव्हेंबरला झाली. हंगामी अध्यक्ष होते कालिदास कोळंबकर. विधान भवनाच्या दाराशी सुप्रिया सुळे येणाऱ्या आमदारांचं स्वागत करत होत्या. अजित पवार आले तेव्हा त्यांनी त्यांची गळाभेट घेतली. तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. मुदत मोजायची ती त्या सकाळपासून.

आता वडिलांची गोष्ट. मार्च १९७२मध्ये निवडून आलेली विधानसभा मार्च १९७७मध्ये संपायला हवी होती. पण आणीबाणीत ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि लोकसभेबरोबर राज्यांच्या विधानसभांचीही मुदत पाचाची सहा वर्षं झाली. नवा नियम पुढच्या निवडणुकीपासून लावला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं; तो तेव्हा खुर्चीवर बसलेल्यांनाच लागू झाला. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेली सनद सभागृहांनी आपली आपणच वाढवून घेतली, असंच म्हणावं लागेल. वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील असे तीन मुख्यमंत्री त्या एका विधानसभेने पाहिले. निवडणूक झाली ती थेट फेब्रुवारी १९७८मध्ये.

त्यानंतर आलेल्या विधानसभेची गत अगदी उलटी झाली. ती निवडून आली तेव्हा सहा वर्षांचाच नियम चालू होता. पुढे ४४व्या दुरुस्तीने पाच वर्षं परत आणली. पण या विधानसभेला ना सहा मिळाली, ना पाच. जुलै १९७८मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं, जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या आणि फेब्रुवारीत पवार सरकार बडतर्फ होऊन विधानसभा विसर्जित झाली. जेमतेम दोन वर्षांत खेळ खलास. पाच वर्षं ही हमी नाही, कमाल मर्यादा आहे, हे यावरून कळावं. १९९९मध्ये तर युती सरकारने स्वतःहूनच विधानसभा मुदतीआधी विसर्जित करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली, आणि सत्ता घालवली.

इंग्रजांच्या काळातही मुदतीची ओढाताण होतीच. १९१९च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कौन्सिलची मुदत तीन वर्षं ठेवली होती, पण १९३०मध्ये निवडून आलेलं कौन्सिल मुदतवाढ घेत घेत १९३७च्या निवडणुकांच्या तोंडापर्यंत टिकलं. १९३५च्या कायद्याने पाच वर्षांची असेंब्ली आली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला आणि कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. पुढची निवडणूक १९४६ साली! म्हणजे लोकनियुक्त सरकार सव्वादोन वर्षं आणि दोन निवडणुकांत अंतर नऊ वर्षांचं.

तुम्ही देवनारचे, त्यामुळे जाता जाता एक सांगायला हवं. महापालिकेचीही मुदत घटनेने पाचच वर्षं ठरवली आहे. तरी मार्च २०२२मध्ये ती संपल्यावर निवडणूक लांबतच गेली, प्रशासक बसला आणि तुमच्या एम-पूर्व विभागात कचऱ्याची, गटाराची तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जायची सोयच कित्येक वर्षं उरली नव्हती. आमदारांच्या बाबतीत इतकी ढिलाई चालत नाही : राष्ट्रपती राजवट लावली तरी ती वाढवायला दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागते.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ला झाली, म्हणजे मध्येच विसर्जन झालं नाही तर तिची मुदत ६ डिसेंबर २०२९पर्यंत. त्याच महिन्यात 'एक देश, एक निवडणूक'चं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ते जसंच्या तसं मंजूर झालं, तर मध्यावधी निवडणुकीतून येणाऱ्या विधानसभेला पूर्ण पाच वर्षं न मिळता फक्त आधीच्या विधानसभेची उरलेली मुदत मिळेल.